हाकेला न येणारा कुत्रा

"किती पुण्याचं काम करताय हो तुम्ही," असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. गेल्या वर्षभरात हे वाक्य मी लिफ्टमध्ये, कंपनीच्या बसमध्ये, मेडिकलच्या काउंटरवर आणि एकदा तर मयताहून परत येताना ऐकलंय. एकाला मी म्हटलंही, की आम्ही पिंपरी-चिंचवडला राहतो, पुण्याचं काम पुण्यातल्यांना करू दे. तो हसला नाही. ही माणसं आपलं वाक्य टाकतात आणि निघून जातात. मागे उरतो मोशीतला आमचा भाड्याचा फ्लॅट, गुडघ्यांनी बेजार झालेली माझी आई, आणि बेसिनखाली अंगाचं मुटकुळं करून बसलेला एक तपकिरी कुत्रा. या कुत्र्यानं सहा महिने मला हात लावू दिला नाही. पुण्य बिण्य काही नाही, नुसता मनस्ताप.

मी कुरुळीत एका कंपनीत स्टोअर सांभाळते. कंपनीच्या भिंतीला लागून भंगाराचं एक यार्ड होतं. आमची बस सकाळी तिथं वळायची आणि खिडकीतून रोज तो दिसायचा, एका गंजलेल्या टेम्पोच्या सांगाड्याला बारीक तारेनं बांधलेला. यार्डाचा मुकादम त्याला रबरी पाइपनं मारायचा. लपूनछपून नाही, चहा पिता पिता. एकदा मी बसमधून उतरून जाब विचारायला गेले. तो म्हणाला, "राखणीचा कुत्रा आहे मॅडम. लाडावला तर चोराच्या हातचं बिस्कीट खाऊन झोपून जाईल." हे त्यानं इतक्या समजुतीच्या सुरात सांगितलं, की क्षणभर मलाच आपण काहीतरी बावळटासारखं विचारलंय असं वाटलं.

मग मी फोन करायला लागले. एका ठिकाणी सांगितलं, तुम्ही त्याला पकडून ठेवा, आम्ही गाडी पाठवतो. अहो, मला पकडता आला असता तर तुम्हाला फोन कशाला केला असता? दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, मालकाची लेखी परवानगी आणा. तिसऱ्या ठिकाणी फोन उचललाच नाही. एका प्राणिप्रेमी ग्रुपवर फोटो टाकला, तर खाली रडक्या चेहऱ्यांची रांग लागली आणि एकीनं लिहिलं, "ताई, तुम्हीच का नाही घरी नेत?" मी त्या ग्रुपमधून बाहेर पडले. आणि पुढे तिच्याच म्हणण्यासारखं झालं, याचाही राग आहेच.

झालं असं, की यार्डाच्या जागेचा करार संपला. एका शनिवारी ट्रक आले आणि दोन दिवसांत सगळं उचलून नेलं. टेम्पोचा सांगाडा गेला, पत्रे गेले, मुकादमाच्या केबिनचं दारसुद्धा गेलं. सोमवारी सकाळी बस वळली तेव्हा मोकळ्या मैदानात फक्त एक लोखंडी खांब होता आणि त्याला तो बांधलेला. केबिनचं दार न्यायला मात्र विसरले नव्हते. मी ड्रायव्हरला ओरडून बस थांबवायला लावली. आमचा ड्रायव्हर भला माणूस. "मॅडम, हजेरी चुकंल सगळ्यांची," असं म्हणत म्हणत खाली उतरला. मी स्टोअरमधून कटर आणला, त्यानं तार कापली. कुत्रा उठला नाही. त्याच्यात उठायची ताकदच नव्हती. म्हणून तर तो आमच्या हाती लागला.

तार गळ्यात रुतून वर कातडी आली होती. प्राण्यांच्या डॉक्टरांनी दहा-बारा दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं. घरी सोडताना म्हणाले, "जखम भरतेय. गळ्यात पट्टा मात्र इतक्यात नको. बाकीचं तुमच्या हातात आहे. घाई करू नका. रोज जवळ बसा. गोड आवाजात हाक मारा, हातातून खायला द्या. येईल हळूहळू."

गोड आवाज माझ्याकडे नाही. स्टोअरमध्ये वीस वर्षं काढली की नट मागायला येणारा प्रत्येक माणूस खोटं बोलतोय असं गृहीत धरून बोलायची सवय लागते. तरीही मी आवाज गोड केला. कंपनीतून आले की हातपाय धुऊन बेसिनसमोर फरशीवर बसायचे, तळहातावर उकडलेल्या अंड्याचा तुकडा ठेवायचे आणि म्हणायचे, "यू, यू, यू. ये बाळा. यू, यू." आपल्याकडे कुत्र्याला बोलवायचं ते असंच बोलवतात, जगजाहीर आहे. आणि तो काय करायचा? भिंतीला आणखी चिकटायचा, थरथरायचा आणि जागच्या जागी मुतायचा. रोज. मी फरशी पुसायचे, अंडं ताटलीत टाकून आत जायचे, मग पाच मिनिटांनी ताटली चाटल्याचा आवाज यायचा. खाली जायचं असलं की आम्ही दार उघडं ठेवून दोघी आतल्या खोलीत जाऊन बसायचो. तो जिन्यानं खाली जाऊन मागच्या मोकळ्या प्लॉटवर फिरून यायचा आणि पुन्हा बेसिनखाली. आमच्याच घरात आम्ही लपून बसायचो.

मी अंडं सोडून चिकन आणलं, पनीर आणलं. नावं ठेवून पाहिली, चार-पाच तरी. एकाही नावाला त्यानं कान हलवला नाही, म्हणून शेवटी नावच ठेवलं नाही. मोबाईलवर व्हिडिओ पाहिले, त्यात गोऱ्या बाया हिरवळीवर बसून जादू करत होत्या. एकदा तिसऱ्या महिन्यात माझा तोल सुटला. दिवसभर ऑडिट झालं होतं, पाठ मोडली होती, आणि मी 'यू' म्हणताच त्यानं पुन्हा तेच केलं. मी ताटली फरशीवर आपटली आणि त्याला नको नको ते बोलले. गंमत बघा, त्या बोलण्यानं तो घाबरला नाही. उलट मान वर करून, कान टवकारून माझ्याकडे बघत राहिला. प्रेमानं बोलावलं की मुततो आणि शिव्या घातल्या की टक लावून ऐकतो. मला वाटलं, हा माझी थट्टा करतोय. मी आत जाऊन दार लावून घेतलं आणि स्वतःचीच लाज वाटून बराच वेळ बाहेर आले नाही.

आई यात पडायची नाही. ती खुर्चीत बसून डाळ निवडायची, टीव्ही बघायची. तिनं एकदाच मत दिलं, "तू फार मागे लागतेस त्याच्या." मी म्हटलं, मागे लागू नको तर काय करू? ती म्हणाली, "काही नको करूस." हा सल्ला मला कधीच जमलेला नाही.

जखम भरली, अंगावर केस आले, कुत्र्याला तरतरी आली, आणि मग सोसायटीतून तक्रारी सुरू झाल्या. तुमचा कुत्रा अंगावर येतो. माझा विश्वासच बसेना. जो माझ्या सावलीला घाबरतो तो कुणाच्या अंगावर जाणार? पण एका रविवारी मी गॅलरीतून स्वतः पाहिलं. सोसायटीचे सेक्रेटरी पार्किंगमधून चालले होते. त्यांनी कुत्र्याला पाहून हात झटकला, काहीतरी ओरडले, आणि हा शेपूट हलवत थेट त्यांच्यावर झेपावला. दोन्ही पाय त्यांच्या पांढऱ्या शर्टावर. चावायला नाही. खेळायला, लाडात. सांगायला लाज वाटते, पण सांगते. मला मत्सर वाटला. मी सहा महिने फरशी पुसली, आणि हा लाडात येतो कुणाजवळ, तर जो त्याला हाकलतो त्याच्याजवळ. असा उफराटा, असा निर्लज्ज प्राणी मी पाहिला नव्हता.

पुढच्या आठवड्यात बी विंगमधले एक निवृत्त गृहस्थ त्याच्या धक्क्यानं पडले. फार लागलं नाही, पण मनगट सुजलं. पार्किंगमध्येच मीटिंग झाली. सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, मी चांगलं ओरडून हाड म्हटलं, तर तो आणखी जोरात आला. यांनीही हाड म्हटलं, तर यांना पाडलं. तुम्ही घरात काही शिकवता की नाही? साधं हाड कळत नाही त्याला?" फ्लॅटमालकाचाही फोन आला. रविवारपर्यंत कुत्र्याच्या गळ्यात पट्टा आणि हातात दोरी पाहिजे, नाहीतर कुत्रा बाहेर, नाहीतर तुम्ही दोघी बाहेर. डॉक्टरांनी पट्ट्याला हो म्हटलं होतं, पण घालणार कोण? तो हाताजवळ आला तर ना. सेक्रेटरींकडे त्यावरही उपाय तयार होता. त्यांच्या साडूची पोल्ट्री आहे मावळात, तिथं राखणीला कुत्रा हवाच होता. मी विचारलं, "बांधून ठेवणार का?"

"मग काय सोफ्यावर बसवणार?" ते म्हणाले, आणि सगळे हसले.

म्हणजे पुन्हा साखळी, पुन्हा खांब. एवढं करून मी त्याला एका मुकादमाकडून काढून दुसऱ्याच्या हवाली करणार होते.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. सांगताना सेक्रेटरींचं वाक्य जसंच्या तसं सांगता येईना. मी म्हटलं, "ते म्हणाले, त्याला साधं 'ते' कळत नाही का." आईला 'ते' म्हणजे काय हे बरोबर कळलं. आमच्या घरात तो शब्द चालत नाही.

माझे वडील मराठवाड्यातून पिंपरीला आले आणि कंपनीच्या फाउंड्रीत आयुष्यभर राबले. चिडका माणूस नव्हता. माझा तापट स्वभाव त्यांच्याकडून आलेला नाही. पण मी सात-आठ वर्षांची असताना चाळीत दाराशी आलेल्या कुत्र्याला मी सगळी पोरं म्हणतात तसं "हाड" म्हटलं, आणि वडील भरल्या ताटावरून उठले. म्हणाले, "हा शब्द या घरात पुन्हा ऐकू येता कामा नये. कुत्र्यालासुद्धा नाही." तेव्हापासून आम्ही कुत्र्याला "चल बाबा, जा" असं म्हणायचो आणि चाळीतली पोरं आम्हाला चिडवायची. कारण मोठेपणी आईनं सांगितलं. त्यांच्या लहानपणी गावात कुत्र्याला हाकलायला आणि आमच्या माणसांना ओसरीपासून लांब ठेवायला एकच शब्द होता. वडील जाऊन आता बरीच वर्षं झाली. शब्द अजून बंद आहे. आम्हाला त्याची इतकी सवय झालीय, की आपण तो बोलत नाही हेसुद्धा आमच्या लक्षात येत नाही.

त्या आठवड्यातल्या शुक्रवारी कंपनीच्या गेटवर मला एक बाई भेटली. कुरुळीतलीच, पन्नाशीची, आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या ठेकेदाराकडे नव्यानं लागलेली. झाडू भिंतीला टेकवून ती माझ्याजवळ आली.

"बाई, यार्डातलं तारंचं कुत्रं तुमीच न्येलं ना? हाय का जित्तं?"

"आहे," मी म्हटलं. "तुम्हाला कसं माहीत?"

"मी तितंच व्हते की भंगार निवडायला, तीन वर्सं. खातंय का?"

खातंय, पण हाताला येत नाही, मी म्हणाले. आणि का कोण जाणे, सगळंच सांगत सुटले. फरशी, अंडी, पोल्ट्री, रविवार. तिनं मधेच विचारलं, "बलावता कसं तुमी त्येला?"

"कसं म्हणजे? यू यू करून."

तिनं कपाळावर हात मारून घेतला. "अवो बाई! मुकादम तसंच बलवायचा. हातात बिस्कुट धरायचा, यू यू करायचा, ग्वाड बोलायचा. कुत्रं जवळ आलं का पायपानं हानायचा. परक्याच्या हातचं खाऊ न्हाई म्हनून. रोजचं व्हतं त्ये."

सहा महिने, रोज संध्याकाळी, मी त्याच्यासमोर बसून माराची वर्दी देत होते. आणि अंडं पुढे करत होते.

"मग तो तीन वर्षं जगला कसा?" मी विचारलं.

तिनं इकडेतिकडे पाहिलं, जणू मुकादम अजून तिथंच होता. "त्येला कुनी खायला घालायचं न्हाई, असा हुकूम व्हता. मंग मी काय करायची, भाकरीचा तुकडा पदरात घ्यायची आन् मोठ्यानं वरडायची, हाड! हाड मुडद्या! आन् लांबनं फेकायची. मुकादमाला वाटायचं, ही दगूड मारून हाकलतीया. धा-पंदरा दिसांत शिकलं बघा. हाड म्हनलं का शेपूट हालवीत यायचं. लई शानं कुत्रं."

ती झाडू उचलून निघून गेली आणि मी गेटवर तशीच उभी. मला कुणाचा राग यावा हेच कळेना. मुकादमाचा होताच. डॉक्टरांचा आला, व्हिडिओतल्या बायांचा आला, माझा स्वतःचा तर सगळ्यात जास्त. पण खरी चीड आणणारी गोष्ट वेगळीच होती. दुसऱ्या कुठल्याही घरात हे पहिल्याच दिवशी कळलं असतं. कुत्रा स्वयंपाकघरात घुसला की कुणीतरी 'हाड' म्हटलंच असतं आणि तो धावत जवळ आला असता. आम्हीच तेवढे चांगले, म्हणून त्याला सहा महिने बेसिनखाली बसावं लागलं. वडिलांचा नियम चुकीचा होता असं मला म्हणता येत नव्हतं, आणि बरोबर होता असंही त्या कुत्र्याकडे बघून म्हणता येईना.

शनिवारी सुट्टी होती. आई वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे गेल्यावर मी भाकरीचा तुकडा घेऊन बेसिनसमोर उभी राहिले. एक शब्द तर म्हणायचा होता. अख्खी सोसायटी तो दिवसातून दहादा म्हणते. मी "हा" पर्यंत आले आणि जीभ अडली. मग पळवाटा काढल्या. "हट" म्हटलं, "हुश" म्हटलं, "हाय" म्हटलं. कुत्रा डोळे मिचकावत बघत होता. पंचेचाळिशीची बाई, वीस जणांना स्टोअरमध्ये फैलावर घेणारी, आणि एक शब्द तोंडातून निघेना. मी भाकरी ताटलीत टाकली आणि बाहेर जाऊन कपडे वाळत घातले.

संध्याकाळी आईला त्या बाईची गोष्ट सांगितली. आईनं निवडायची डाळ बाजूला ठेवली. मग म्हणाली, "हाकलायचं नाटक करून भाकरी टाकायची, होय? बाई चांगली होती." थोड्या वेळानं म्हणाली, "गावात आम्हाला भाकरी टाकून मग म्हणायचे." आणि पुन्हा डाळ निवडायला लागली.

रविवारी सकाळी दहाला पोल्ट्रीवाले साडू पिकअप घेऊन हजर. हातात नवी साखळी. कुत्रा फेरी मारायला खाली गेलेला, पार्किंगच्या कोपऱ्यात उभा होता. मी जिन्यावरून धावत खाली आले, "थांबा, थांबा," म्हणत. पण साडू स्वतःला कुत्र्यांतले जाणकार समजत होते. त्यांनी खिशातून ग्लुकोजचा पुडा काढला, उकिडवे बसले आणि लाडिक आवाजात सुरू केलं, "यू, यू, यू. ये राजा. यू, यू."

कुत्रा जो उधळला तो गेटमधून थेट रस्त्यावर. आमच्यासमोरचा रस्ता तुम्हाला माहीत असेल तर पुढचं सांगायला नको. एका बाजूनं खडीचे डंपर, दुसऱ्या बाजूनं पीएमपीच्या बस, मधून टू-व्हीलर. तो दुभाजकावर जाऊन थिजला. मी रस्त्याच्या कडेला पोचले, हात केला, "ये बाळा," म्हटलं, आणि तो एक पाऊल मागे, पलीकडच्या लेनमध्ये गेला. मी गप्प बसले. पुढे जावं तर तो मागे जाणार. कोणता शब्द हवा ते मला माहीत होतं. तोंड उघडलं. मागे सेक्रेटरी, साडू, वॉचमन, बी विंगमधले गृहस्थ, सगळे बघत उभे. माझ्या तोंडातून हवासुद्धा बाहेर पडली नाही.

"हाड!"

आवाज वरून आला. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत आई कठड्याला धरून उभी होती. पदर खांद्यावरून घसरलेला. "हाड! हाड रे! हाड!" एवढा मोठा आवाज तिच्यात आहे हे मला माहीत नव्हतं. वडिलांशी भांडतानासुद्धा तिनं तो कधी काढला नव्हता.

कुत्र्यानं मान वर केली. कान उभे झाले. एका डंपरनं करकचून ब्रेक मारला, ड्रायव्हरनं आईबहिणीवरून शिव्या दिल्या, आणि कुत्रा माझ्या पायांजवळून सुसाट गेटमध्ये, पार्किंगमधून जिन्याकडे, वर.

"आता कसं!" सेक्रेटरी खूश होऊन म्हणाले. "आजींनी बरोबर झापलं बघा." त्यांना वाटलं, म्हातारीला अखेर अक्कल आली आणि ती कुत्र्याला हाकलतेय. साडू साखळी घेऊन जिन्याखाली उभे राहिले, कुत्रा हाकलला जाऊन खाली येईल म्हणून.

मी वर गेले. आई फरशीवर बसली होती. गुडघ्यांमुळे ती चार वर्षांत खाली बसली नव्हती, आता तिला उठवायला दोन माणसं लागणार होती. कुत्र्याचं डोकं तिच्या मांडीवर आणि ती त्याच्या गळ्यावरच्या गुळगुळीत चट्ट्यावरून बोट फिरवत होती. "आण तो पट्टा," ती म्हणाली. तिनंच घातला. मी फक्त दोरी अडकवली. मग आम्ही खाली गेलो, म्हणजे मी आणि कुत्रा, आणि मी ती दोरी सेक्रेटरींच्या नाकासमोर धरली. रविवार होता, पट्टा होता, दोरी होती. साडू साखळी घेऊन परत गेले. जाताना ते म्हणाले, "पुण्याचं काम करताय." मी तेव्हा जे बोलले ते इथं लिहीत नाही.

त्यानंतर कुत्रा आईचा झाला. मी आणला, मी फरशी पुसली, मी भांडले, आणि झाला आईचा. ती खुर्चीतून तो शब्द म्हणते, हलक्या आवाजात, आपण "ये गं" म्हणतो तसा, आणि तो जाऊन तिच्या पायाशी बसतो. मी दोरी अडकवते तेव्हा तो सहन करतो, एवढंच. मी आईला म्हटलं, उद्यापासून मीच म्हणते. ती म्हणाली, "तू नको." का, विचारलं तर म्हणाली, "माझं ऐकून ऐकून झालंय. मला काही होत नाही." यावर मी चिडून तासभर बोलले. तिनं टीव्हीचा आवाज वाढवला.

गेल्या महिन्यात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात पाच-सहा दिवस राहावं लागणार होतं आणि कुत्र्याचं काय, हा प्रश्न होताच. निघायच्या सकाळी ती म्हणाली, "मोबाईलवर आवाज भरता येतो ना? चालू कर." मी म्हटलं, आई, काहीही काय. तिनं ऐकलं नाही. फोटो काढायला बसावं तशी ताठ बसली, मोबाईल तोंडाजवळ धरला आणि म्हणाली, "हाड. हाड रे. हाड." तेवढ्यात रिक्षा आल्याचं सांगायला वॉचमननं इंटरकॉम केला आणि मी दाराकडे धावले. मोबाईल तिच्या हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून घरी आले. कुत्र्यानं आदल्या दिवसापासून काही खाल्लं नव्हतं. मी भाकरी कुस्करून तळहातावर घेतली, मोबाईल फरशीवर ठेवला आणि आईचा आवाज लावला. तो बेसिनखालून बाहेर आला. मोबाईल हुंगला, मग माझ्या हाताकडे वळला आणि पहिल्यांदाच माझ्या हातातून खायला लागला. रेकॉर्डिंग थांबलं नव्हतं. दाराचा आवाज आला, माझी पावलं दूर गेली, आणि मग आई बोलली, हळू आवाजात, दुसऱ्याच कुणाशी तरी. ती बसली होती त्या खोलीत भिंतीवर वडिलांचा फोटो आहे.

"अहो, बघा," ती म्हणत होती, "पोरीच्या तोंडी नाही येऊ दिला मी."

भाकरी संपली तरी कुत्रा माझा तळहात चाटत राहिला, आणि मी मोबाईल बंद करायला हात हलवला नाही.